दिवसाचे दिवे आणि बाबांचा पाय

तर आधी गाडीचा रंग ऐका, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. करडा. म्हणजे चंदेरी नाही, राखाडी नाही, नुसता करडा. धुक्यात ती गाडी उभी केली की मालकालाही हात लांब करून चाचपत जावं लागायचं. आतापर्यंत तिला मागून एका रिक्षाने, पुढून एका हातगाडीने आणि बाजूने चक्क एका चालत्या माणसाने ठोकलं होतं. प्रत्येकाचं म्हणणं एकच, दिसलीच नाही हो.

ही गाडी भिंगरीच्या बाबांची, आणि बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल. अख्खी गल्ली त्यांना सर म्हणते. अर्ध्या गावाला त्यांनीच स्टिअरिंग धरायला शिकवलंय. छतावर पिवळा बोर्ड, मागच्या काचेवर लाल अक्षरं, आणि आत शेजारच्या सीटपुढे ब्रेक-क्लचची दुसरी जोडी, सरांची. शिकणारा घाबरला, चुकला, गोठला, की सर तिकडून अलगद पाय दाबतात आणि गाडी थांबते. इतकी अलगद की शिकणाऱ्याला वाटतं आपणच थांबवली. पोट्टा असो की पेन्शनर, सरांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. "हळू… हळू… छान," एवढंच.

फक्त एक विद्यार्थिनी सोडून. ती म्हणजे आई.

आईकडे लायसन्स आहे बरं का. सरकारी, फोटोवालं, पहिल्या फटक्यात मिळालेलं. पण सरकारने पास केलं म्हणून घरच्या सरांनी करायला हवं असं थोडंच आहे. आई चालवायला बसली की बाबा शेजारी बसणार, एका हाताने वरचं हँडल धरणार, दुसऱ्याने सीट. घरी आल्यावर पाणी पिऊन सांगणार की मी ब्रेक मारला नसता तर आज आपण भिंतीत असतो. आई म्हणायची, कुठली भिंत? ते म्हणायचे, ती दिसली नाही तुला, हेच तर सांगतोय. मग आई गप्प. कारण बाबांनी पाय कधी कुठे दाबला हे एकट्या बाबांनाच ठाऊक, आणि आईची नजर रस्त्यावर. म्हणजे फिर्यादी तेच, साक्षीदार तेच, न्यायाधीशही तेच.

इतके दिवस हे चालून गेलं, कारण आईला एकटीने कुठे जायचंच नसायचं. पण मग आईला नोकरी लागली. पुलापलीकडे रोपवाटिका आहे ना मोठी, हिरव्या जाळीची, तिथे. साधीसुधी नोकरी नाही, सगळ्यात आधी जाऊन फाटक उघडायचं, रोपांना पहिलं पाणी द्यायचं, कुठल्या ट्रेमध्ये कीड पडलीय ते बघायचं. आईला झाडं कळतात. वाळलेल्या काडीला ती नुसतं बोट लावते आणि सांगते, जिवंत आहे. तिथल्या मालकीणबाईंनी आमच्याच गच्चीवरच्या कुंड्या बघून तिला बोलावलं… आमच्या म्हणजे भिंगरीच्या हो, मी लहानपणापासून तिथेच पडीक असल्यामुळे माझी जीभ घसरते. तर, कामावर सोमवारी हजर व्हायचं होतं. आणि घोळ असा की इतक्या पहाटे पुलावरून बसच नाही. पहिली बस येईपर्यंत रोपं माना टाकणार.

गाडी त्या वेळेला रिकामीच असते. स्कूल उशिरा उघडतं. सगळं कसं बोलाफुलाला गाठ पडावी तसं जुळलेलं. फक्त बाबा नाही म्हणाले.

पहिलं कारण त्यांनी रंगाचं काढलं. पहाटेचं धुकं, पुलावर ट्रक, आणि ही गाडी धुक्याची सख्खी बहीण. कुणाला दिसणार? आईला पटलं. आईला पटलं हे बघून भिंगरीचं डोकं भडकलं.

भिंगरी म्हणजे एका जागी बसली तर डॉक्टर बोलवावा लागेल अशी पोरगी. मिक्सरपासून मोटारपंपापर्यंत घरातलं सगळं तिनेच उघडलेलं, त्यातलं बरंचसं परत बंदही झालेलं. तिने त्याच संध्याकाळी दिवसाचे दिवे मागवले. नव्या गाड्यांना पुढे पांढऱ्या पट्ट्या असतात ना, भर उन्हातही पेटलेल्या, लांबून नुसती गाडी येतेय हे कळावं म्हणून, ते. बाहेरून बसवायचेही मिळतात. खोक्यात पट्टीएवढे दोन दिवे, वायरींचं भेंडोळं, आणि मुंगीच्या अक्षरातला एक कागद. गॅरेजवाल्याकडे न्यायचं का, असं आईने विचारलं, तर भिंगरीने अशा नजरेने पाहिलं की आईनेच विषय बदलला.

बाबांनी खोकं उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "बघू काय दिवे लावताय मायलेकी." एवढं बोलून शुक्रवारी दुपारी ते शिकाऊ मंडळींची कागदपत्रं घेऊन लायसन्सच्या ऑफिसात गेले. तिकडे माणूस एकदा गेला की दिवस मावळल्याशिवाय सुटत नाही. मैदान मोकळं.

आता गल्लीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. या टोकाला भिंगरीचं घर, त्या टोकाला, अगदी समोरासमोर, टेलरकाकूंचं दुकान. गल्ली तिथे काटकोनात वळते. दुकानाला जमिनीपासून छतापर्यंत एकच काच. त्यामुळे गल्लीतून जाणारी गाडी वळायच्या आधी आपलंच तोंड त्या काचेत बघत जाते. काच लक्षात ठेवा.

टेलरकाकू मदतीला नाही, चुका काढायला आल्या, पण गळ्यात टेप घालून आल्या. दोन्ही दिवे एका उंचीवर बसायला हवेत, आणि बंपर कसला सरळ असतो. काकूंनी टेप लावला, खडूने खुणा केल्या, एक पाऊल मागे सरकून डोळा बारीक केला आणि निकाल दिला की गाडीचा एक खांदा उतरलाय. हातगाडीची कृपा. मग म्हणाल्या, उतरलेल्या खांद्याला आम्ही पॅड घालतो, तुम्हीही घाला. भिंगरीने खरंच एका बाजूला रबराचा तुकडा घातला आणि दिवे समपातळीत आले. काकू दिवसभर त्याच तोऱ्यात होत्या.

बाकी काम भिंगरीने शहाण्यासारखं केलं, तिला नावं ठेवायची सोय नाही. आधी बॅटरीची वायर सोडली. बंपर स्पिरिटने पुसला. दिव्यांमागे चिकटपट्टी होती, ती हेअर ड्रायरने ऊन केली, दिवे लावले, आणि आईला दाबून धरायला सांगितलं. आईने असे दाबले जसा एखाद्याचा दुखरा गुडघा धरावा. आपला हात काढला तर पडतील म्हणून ती कितीतरी वेळ गाडीपुढे वाकूनच. गल्लीतून जाणाऱ्याला वाटावं, ही बाई गाडीची माफी मागतेय. त्यावर स्क्रूही मारले. मग काकूंच्या दुकानातला तारेचा हँगर सरळ केला, त्याला वायर बांधली आणि इंजिनाच्या मागच्या रबरी बुचातून आत गाडीत ओढली.

इथवर सगळं ठीक. आता वायर जोडायची कुठे? दिवे चावी फिरवली की लागायला हवेत आणि काढली की विझायला हवेत, नाहीतर सकाळी बॅटरी मेलेली. म्हणजे चावीबरोबर जागी होणारी आणि चावीबरोबर झोपणारी वायर शोधायची. भिंगरी डॅशबोर्डखाली शिरली. डोकं पेडलांपाशी, पाय सीटच्या पाठीवर, हातात टेस्टर. फ्यूजच्या डब्याकडे हात चालला होता, तेवढ्यात समोर एक पिवळी वायर लोंबताना दिसली. टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली, कुठेच न जोडलेली. तिने पट्टी सोडली, तपासण्यापुरती बॅटरी जोडली आणि टेस्टर लावला. आईला सांगितलं, चावी फिरव. टेस्टर पेटला. काढ. विझला. फिरव. पेटला.

अशी वायर मिळाली तर फ्यूजच्या डब्यात कोण बोटं घालणार? उतावळीने बॅटरी परत सोडली, मध्ये एक छोटा फ्यूज टाकला, जोडलं, टेप मारला, काळी वायर बॉडीच्या बोल्टला आवळली, बॅटरी लावली आणि ओरडली, फिरव.

आणि मग काय सांगू. त्या मरगळलेल्या करड्या गाडीला डोळे आले. भर दुपारी, भर उन्हात, लख्ख. समोर काकूंच्या काचेत आणखी दोन. आईने तोंडावर हात ठेवला. काकू म्हणाल्या, "बाई बाई, ही तर आता दिसायला लागली." भिंगरीने गाडीभोवती एक गिरकी घेतली, नाव सार्थ केलं, आणि मग तिघींनी चावी आत-बाहेर करून इतक्या वेळा दिवे लावले की बॅटरी त्याच दिवशी मेली नाही हे नशीब.

संध्याकाळी बाबा आले. गाडीपुढे उभे राहिले, मागे हात बांधून. लांब गेले, जवळ आले. वा म्हणाले नाहीत, पण फडकं घेऊन बोनेट पुसायला लागले, यावरून काय ते समजा. मग भिंगरीने मुद्दा काढला की आता गाडी दिसते, तर आईला सोमवारी चावी मिळणार ना.

बाबांचं फडकं थांबलं. म्हणाले की गाडी लोकांना दिसते, पण लोक आईला दिसतात का? आणि मग त्यांनी अट घातली. रविवारी आईने पूर्ण फेरी मारायची, बाजार, मोठा चौक, पूल, पलीकडचं गोल सर्कल आणि परत. ते शेजारी बसणार.

"माझा पाय एकदाही पेडलला लागला नाही, तर चावी तुझी," बाबा म्हणाले. "लागला, तर रोपवाटिकेच्या बाईंना आपणच सांगायचं."

आई हो म्हणाली. भिंगरीला ओरडावंसं वाटलं, अगं हो काय म्हणतेस, निकाल कोण देणार आहे? पण आईने मान खाली घालून हेअर ड्रायरची वायर गुंडाळायला घेतली होती.

शनिवार उजाडला आणि पहिला नंबर दाताच्या डॉक्टरांचा. हा माणूस लोकांच्या तोंडात बिनधास्त मशीन घालतो, पण स्टिअरिंगवर बसला की त्याचेच दात वाजतात. गाडी गल्लीतून निघाली, परतली, पुन्हा निघाली. थोड्या वेळाने टेलरकाकू तरातरा भिंगरीकडे आल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझी गाडी मला डोळा मारते गं."

भिंगरी धावत कोपऱ्यावर गेली. गाडी समोरून येत होती. दिवे चालू. बंद. चालू. बंद, बंद, चालू. आत डॉक्टर घामाघूम, शेजारी बाबा शांत, आणि पुढून ही उघडझाप. भिंगरीला वाटलं, वायर सैल, दुसरं काय. बाबांच्या कानावर गेलं तर संपलंच सगळं, ते म्हणणार जिला दिवे नीट लावता येत नाहीत तिच्या भरवशावर मी तुझ्या आईला धुक्यात पाठवू? तिने काकूंना हात जोडले. काकूंनी तोंडापुढून चेन ओढल्याची खूण केली.

जेवून बाबा आडवे झाले तशी मायलेकी गाडीकडे. भिंगरीने एकेक जोड उकलला, घासला, पुन्हा आवळला. बंपरला बुक्क्या मारल्या. गाडी हलवली. दिवे ढिम्म, स्थिर. स्वतः स्टिअरिंगवर बसली, गिअर टाकले, ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला. काही नाही. ती रडकुंडीला आली. मग म्हणाली, आई तू आत बस, डॅशबोर्डखाली टॉर्च धर, मी पुढे उभी राहून बघते.

आई शेजारच्या सीटवर बसली आणि टॉर्च धरून वाकली.

"गेले," भिंगरी बाहेरून ओरडली.

आईने काय झालं म्हणून सरकून मान वर काढली.

"आले."

आई परत वाकली. गेले. आईने विचारायला मान काढली. आले. "आई, तू नक्की काय करतेस?" आई म्हणाली, अगं काही नाही, वाकते आणि उठते. वाकली की गेले, उठली की आले. भिंगरी दार उघडून बघते तर वाकताना आधाराला म्हणून आईची चप्पल बाबांच्या ब्रेकवर.

आईने हळूच पाय दाबला. काकूंच्या काचेत अंधार. उचलला. उजेड.

मग आईला आठवलं. फार जुनी गोष्ट, भिंगरी तेव्हा रांगत असेल. बाबांनी मेकॅनिककडून एक शक्कल करून घेतली होती. डॅशबोर्डवर एक हिरवा बल्ब. शिकणारा स्वतःच्या जिवावर चालवतोय तोवर हिरवा चालू. सरांनी पेडल दाबलं की हिरवा गुल आणि घंटी वाजणार, म्हणजे शिकणाऱ्याला कळावं. पण घंटी वाजली की शिकणारा दचकून भलतंच काहीतरी करायचा, म्हणून बाबांनी आठवडाभरातच बल्ब आणि घंटी दोन्ही उपटून फेकले. हिरव्या बल्बची वायर तेवढी राहिली. पिवळी. जिच्या गळ्यात भिंगरीने आपले दिवसाचे दिवे बांधले होते.

म्हणजे डॉक्टर चालवत होते तेव्हा जितक्या वेळा दिवे गेले, तितक्या वेळा बाबांनी ब्रेक मारला होता. गाडी डोळा मारत नव्हती, चहाडी करत होती.

भिंगरीला आधी हसू फुटलं. मग आईला. आई सीटवर आडवी होऊन हसली, भिंगरी बोनेटवर पालथी पडून हसली, समोरून काकू न समजताच हसल्या. मग भिंगरी डोळे पुसून म्हणाली की चल, फ्यूजच्या डब्यातून दुसरी लाइन घेते, लगेच होईल.

आईने तिचा हात धरला.

"रविवारनंतर," ती म्हणाली.

भिंगरीला एकदम कळलं आणि एकदम भीतीही वाटली. तिने विचारलं, आणि फेरीत दिवे गेले तर? खरोखरच गेले तर?

"तर मला कळेल ना," आई म्हणाली. "ते म्हणतात वाचवलं, मी म्हणते बरं. मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचंय, किती वेळा वाचवतात ते."

तिच्या आवाजात आता हसू नव्हतं.

रविवारी आईने केस घट्ट बांधले. बाबांनी शेजारी बसून हँडल धरलं, भिंगरी मागे, दोन सीटच्या फटीत मान घालून. गाडी निघाली. गल्लीच्या टोकाला काकू काचेपलीकडे उभ्या, तोंडात टाचण्या, आणि काचेत दोन दिवे. आईने काचेकडे पाहिलं, वळण घेतलं. "आरसा, आरसा," बाबा म्हणाले. आरसा तिने कधीच पाहिला होता.

आता गंमत ऐका. त्या दिवशी भिंगरीला कळलं की जग किती चकचकीत आहे. आपण बघतच नाही. बँकेचं दार, फर्निचरच्या दुकानाची खिडकी, सलूनचे आरसे, एका बसचं नवंकोरं मागचं तोंड. जिथे तिथे दोन पांढऱ्या पट्ट्या त्यांच्याबरोबर येत होत्या. बाजारात एक माणूस मध्येच रस्त्यात उतरला. बाबांच्या पायाकडून धप्प आवाज आला. आईने ब्रेक मारला, गाडी छान थांबली, आणि समोरच्या खिडकीत दिवे? चालू. मोठ्या चौकात स्कूटर आडवी आली. धप्प. चालू. सिग्नलला आई नेहमीसारखीच थांबली, तरी धप्प, उगाचच. सलूनच्या आरशात चालू, आणि आत अर्धी दाढी झालेला एक गृहस्थ त्यांच्याकडे बघतोय.

भिंगरीला मागे बसवेना. तिने तोंडात ओढणी कोंबली. आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण हात स्टिअरिंगवर स्थिर.

पुलावर काचा नसतात. तिथे भिंगरीला धाकधूक होती. पण नशीब बघा, नेमका पुढे दुधाचा टँकर. स्टीलचा, आरशासारखा, ढेरपोट्या. अख्खा पूलभर त्याच्या ढेरीवर यांची गाडी, फुगून बसलेली, दोन दिव्यांनिशी. पूल संपून सर्कल आलं आणि टँकरने काही न सांगता गचकन वेग कमी केला.

बाबा "ब्रेक" म्हणून ओरडले, हो, चक्क ओरडले, आणि दोन्ही पायांनी असे उठले की पट्टा ताणला गेला. धप्प नाही, धडाम. आईने क्लच दाबला, ब्रेक दाबला, गाडी टँकरपासून सभ्य अंतरावर थांबली. आणि टँकरच्या ढेरीवर दोन दिवे. लख्ख. हललेसुद्धा नाहीत.

आई त्या दिव्यांकडे बघत राहिली. मागून हॉर्न वाजला तेव्हा तिने गिअर टाकला, सर्कल फिरली आणि घराकडे निघाली. परतीच्या वाटेवर ती काहीतरी गुणगुणत होती. चालवताना आई गुणगुणते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही नसावं.

गल्लीत शिरताना बाबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि अगदी मऊ आवाजात निकाल दिला. चालवतेस छान. खरंच छान. हात सुधारलाय. पण मला पाच-सहा वेळा दाबावा लागला, आणि त्या टँकरला तर मी नसतो तर आपण दुधात पोहत असतो.

आई घरापाशी थांबली नाही. गाडी तशीच पुढे नेली, काकूंच्या काचेसमोर उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं.

"अहो," ती म्हणाली, "एकदा दाबा."

"काय दाबू?"

"ब्रेक. तुमचा."

बाबांनी भुवया उंचावल्या, पण दाबला. काचेत अंधार झाला. त्यांनी पाय उचलला. उजेड. त्यांनी परत दाबला. त्यांना वाटलं असणार योगायोग. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू, जसा डॉक्टरांसाठी दाबतात तसा. दिवे गेले. काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या, म्हणजे आता त्या पूर्ण लक्ष देणार होत्या.

बाबा मागे वळले. भिंगरीने घाईघाईने सांगून टाकलं की चुकून झालं, पिवळी वायर, हिरवा बल्ब, तुमचीच शक्कल आहे बाबा.

"अख्ख्या फेरीत एकदाही गेले नाहीत," आई म्हणाली. "बाजारात नाही, चौकात नाही. टँकरच्या मागेसुद्धा नाही. मी बघत होते."

बाबांचा चेहरा असा झाला की भिंगरीला वाटलं आता चिडणार. ते चिडले नाहीत. ते गोंधळले होते. खरेखुरे.

"मी दाबला होता गं," ते म्हणाले. "शपथ. पायाला कळत होतं मला."

मग आई त्यांच्या गुडघ्यांवरून वाकली आणि त्यांच्या पायाखालची रबरी चटई पकडून वर उचलली. गेल्याच वर्षीची चटई. पेडलच्या खाली अगदी नवी, कोरी. आणि पेडलच्या शेजारी, दाराच्या बाजूला, टाचेएवढं आरपार भोक. त्या भोकाखालचा पत्रा घासून घासून असा चमकत होता की त्यातही दिवे दिसले असते.

तिघांनी वाकून त्या भोकाकडे पाहिलं. एखादा दुर्मीळ प्राणी बघावा तसं.

"इथे ब्रेक नाहीये," बाबा शेवटी म्हणाले.

"नाही," आई म्हणाली.

"बाकीच्यांच्या वेळी पाय बरोबर जातो. डोळे मिटून जातो." ते बोटाने भोकाच्या कडा चाचपत होते. "तू बसलीस की…"

पुढे त्यांना बोलता येईना, कारण नाकातून फुर्र असा आवाज आला. एकदा आला, दोनदा आला, आणि मग सर, अख्ख्या गल्लीचे शांत सर, डॅशबोर्डवर कपाळ टेकून इतके हसले की पाय खरोखरीच्या पेडलवर पडायला लागला आणि काचेत दिव्यांचा नुसता धिंगाणा. आई हसली. भिंगरी तर केव्हाच मागच्या सीटखाली गेली होती. काकू बाहेर येऊन विचारायला लागल्या की हे गाडी चालवून आलेत की भांग पिऊन.

हसू ओसरल्यावर बाबांनी इंजिन बंद केलं, जुडगा काढला, आणि त्यातून घराची किल्ली, ऑफिसची किल्ली, कपाटाची किल्ली एकेक करून सोडवल्या. नखाने त्या कड्या सोडवायला चांगलाच वेळ लागला. कुणी मदत केली नाही. उरली गाडीची. ती त्यांनी आईच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ बंद केली.

दुपारी भिंगरीने दिव्यांची लाइन नीट फ्यूजच्या डब्यातून घेतली, आता कुणी कुठेही पाय ठेवो, दिवे जाणार नाहीत. पिवळ्या वायरला बाबांनी स्वतः नवा हिरवा बल्ब आणून दिला, घंटीशिवाय. डॉक्टरांना कळायला हवं, असं म्हणाले. चटई बदलू का विचारलं तर म्हणाले, असू दे.

सोमवारी पहाटे धुकं असं की घराचं फाटक दिसेना. आईने डबा शेजारच्या सीटवर ठेवला, बाबांच्या जागी, आणि चावी फिरवली. गाडी दिसेनाशी झाली, दिवे तेवढे राहिले. समोर काकूंच्या काचेत दोन पांढऱ्या पट्ट्या मोठ्या मोठ्या होत गेल्या. फाटकापाशी बाबा शाल पांघरून, शेजारी भिंगरी जांभया देत.

वळणाआधी दिव्यांच्या उजेडात एक सायकल आडवी गेली. खालून कर्रकन आवाज आला. भिंगरीने पाहिलं, बाबांची चप्पल खडीत रुतली होती, टाच पार आत.

तिकडे आई थांबली, सायकल जाऊ दिली, आणि वळली.

बाबांनी पाय उचलला. "छान," ते म्हणाले.